माझाच विश्वास कमी पडला का?

"मॅडम, मी आणखी दोन उपास धरले असते तर हे वाचले असते का वो?"

जालन्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणाची आई गेलेली असते, कुणाचं लेकरू. ख्रिस्ती घरांतून तर फारच. या ताईंचे यजमान यकृताच्या कॅन्सरने गेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आठ महिने संभाजीनगरच्या फेऱ्या, रात्री घरी प्रार्थना. दफनानंतर चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी बोलून गेलं, "विश्वास पक्का पाहिजे होता." तेव्हापासून ताईंची प्रार्थना बंद. दवाखान्याची फाईल मात्र प्रत्येक भेटीला पिशवीत.

पहिल्या तीन भेटींत मी समजावतच राहिले. आजार असा असतो, औषधं अशी असतात, तुमचा दोष नाही. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न. माझ्या लक्षात यायला उशीरच झाला: हा दोष त्यांना हवा होता. चूक आपली म्हटलं की मरणाला निदान कारण तरी मिळतं. काही कारण नसताना माणूस गेला, हे सोसणं त्याहून अवघड.

चौथ्या भेटीत बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय त्यांनाच वाचायला दिला. मार्थाचा भाऊ लाजर चार दिवस कबरेत आहे. मार्था येशूला सामोरी जाऊन म्हणते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. ताई थांबल्या.

"हे तर मलाच म्हणायचं होतं."

"मग म्हणा की."

"देवाला असं बोलतात का?"

"मार्था बोलली. तो रागावला तिच्यावर?"

त्या पुढं वाचत गेल्या. येशू रडला, त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या. "त्याला तर ठावं होतं, आता लाजरला उठवायचंय. तरी रडला?" हा प्रश्न मी विचारणार होते, त्यांनी आधी विचारला. समुपदेशकाला याहून मोठी बिदागी नसते. मग त्याही रडल्या, पाच महिन्यांत पहिल्यांदा.

हीच टोचणी असलेल्यांना मी पौलाकडेही पाठवते, म्हणजे येशूच्या त्या प्रेषिताची पत्रं वाचायला देते. शरीरातला काटा, म्हणजे कसलासा त्रास, निघावा म्हणून देवाला त्यानं तीनदा विनवलं, काटा राहिलाच. सोबतचा सहकारी त्रफिम आजारी पडला, त्याला मिलेत गावी ठेवून यावं लागलं. पौलाचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल? पुनरुत्थानाच्या आशेवर मी स्वतः जगते. पण ती रडणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरू नये. 88वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, तरी ते पवित्रशास्त्रात आहेच. सांत्वनाला जाणाऱ्यांनी आधी चहा ठेवावा, लेकरांच्या फीचं बघावं, वचनं नंतर. आणि झोप-भूक उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर पाळकांसोबत मानसोपचारतज्ज्ञही गाठावा. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

शेवटच्या भेटीला ताईंची पिशवी हलकी दिसली. फाईल कुठंय, विचारलं.

"कपाटात ठेवली. रात्री भांडले त्याच्याशी, चांगलं तासभर. मग झोप लागली."