हार्बिन की सापोरो?

आई-वडिलांना घेऊन चीनमधल्या हार्बिनला किंवा जपानमधल्या सापोरोला हिवाळी उत्सव पाहायला जायचंय, आईचे गुडघे दुखतात, आणि दोन्हीकडे बर्फाच्याच मूर्ती, मग कुठेही गेलं तर काय फरक पडतो, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो. आपण स्नो आणि आइस दोन्हीला बर्फच म्हणतो, तिथून हा घोळ सुरू होतो.

सापोरोत मुख्यतः दाबलेल्या हिमाच्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती. १९५० मध्ये शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत सहा मूर्ती केल्या, तिथून हा उत्सव वाढला. बाग शहराच्या मधोमध आहे आणि स्टेशनपासून जमिनीखालून चालत येता येतं. तुमच्या आईंसाठी हेच बरं.

हार्बिन म्हणजे वेगळंच प्रकरण. डिसेंबरात सोंगहुआ नदी गोठली की करवतीने लाद्या कापून काढतात आणि त्यांचे मनोरे, किल्ले, घसरगुंड्या रचतात. सिमेंटचं काम पाणीच करतं: सांध्यात ओतलं की गोठून लाद्या एकजीव. आपल्या फ्रीजमधला खडा मध्ये पांढुरका असतो, कारण तो चहूबाजूंनी गोठतो आणि हवा आत कोंडते. नदी वरून खाली सावकाश गोठते, हवा खाली ढकलली जाते, म्हणून लादी काचेसारखी. तरी भिंतीला नाक लावून पाहा, करवतीचे ओरखडे आणि अडकलेल्या बुडबुड्यांच्या माळा दिसतात. मला तर मनोऱ्यापेक्षा तेच जास्त आवडलं.

जुन्या काळी तिथले कोळी बादलीत पाणी गोठवायचे, बाहेरचं कवच जमलं की मधलं पाणी ओतून टाकायचे आणि आत मेणबत्ती ठेवायचे. आज मेणबत्तीच्या जागी एलईडी आहेत, एवढंच. म्हणून दुपारी तीनपर्यंत पोचा. चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पांढऱ्या भिंती आतून पेटतात, तो बदल चुकवू नका.

आता खरी अडचण. उत्सव ५ जानेवारीला सुरू होतो, रात्री उणे २० ते उणे ३० तापमान आणि पायाखाली निसरडा बर्फ. धडधाकट माणूसही तासाभरात उबेची जागा शोधतो. माझा ६० टक्के चार्ज असलेला फोन दहा मिनिटांत मेला. बायकोचा आतल्या खिशात होता, तो चालला. आत आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, बॅगेतच राहू दे, नाहीतर भिंगावर दव धरतं.

आईंना घेऊन सापोरोला जा. हार्बिन तुम्ही दोघं नंतर करा.