‘स्टार वॉर्स’ची कथा इतकी साधी असताना त्या मालिकेला एवढे महत्त्व का दिले जाते?

शेतावर वाढलेला मुलगा, कैदेतली राजकन्या आणि काळ्या मुखवट्यातला खलनायक एवढ्याच भांडवलावर उभ्या असलेल्या या मालिकेला चित्रपटाच्या इतिहासात इतके मोठे स्थान का, आणि ती पाहायची तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. कथा साधी आहे हे मला मान्य आहे. लेखक-दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी ती जाणूनबुजून परीकथेच्या वळणाची ठेवली होती. तिचे मोठेपण माझ्या मते ती जिथे घडली त्या कार्यशाळेत आहे.

लुकस यांना हवी तशी अंतराळातली लढाई चित्रित करू शकेल असा विभाग चित्रपट काढणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओकडे त्या वेळी उरलाच नव्हता. म्हणून १९७५ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज भागातल्या एका गोदामात ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही स्वतःची संस्था सुरू केली. तोवर बहुतेक चित्रपटांत यानाची प्रतिकृती तारेला टांगून कॅमेऱ्यासमोरून सरकवत, आणि ते खेळणे आहे हे प्रेक्षकाला लगेच कळे. या संस्थेतल्या जॉन डायक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिकृती खांबावर बसवली आणि कॅमेराच रुळांवरून तिच्या दिशेने धाववला. कॅमेऱ्याची हालचाल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत नोंदवलेली असल्यामुळे ती हवी तितक्या वेळा तंतोतंत तशीच करता येई. त्यामुळे यान, त्याच्या इंजिनांचा उजेड आणि मागचे तारे वेगवेगळे चित्रित करून एकाच चौकटीत बेमालूम बसवता येऊ लागले. शिवाय शटर उघडे असताना कॅमेरा सरकत राहिल्याने वेगाने जाणारी वस्तू जशी किंचित पुसट दिसते, तशीच ती यानेही दिसू लागली. हे सारे जमेपर्यंत या कामासाठी ठेवलेले जवळपास निम्मे पैसे संपले होते आणि हाती मोजकीच दृश्ये आली होती. दरम्यान अंतिम लढाईच्या संकलनात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या चकमकींचे तुकडे जोडून ठेवले होते, आणि यानांच्या गिरक्या त्यांच्याच लयीवर बेतल्या गेल्या.

ध्वनीची गोष्ट तर मला याहूनही विलक्षण वाटते. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी लाइटसेबरचा, म्हणजे चित्रपटातल्या प्रकाशाच्या तलवारीचा, घुमणारा आवाज जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि दूरचित्रवाणी संचाजवळून नेलेल्या मायक्रोफोनमध्ये शिरलेली गुणगुण एकत्र करून घडवला. शत्रूच्या लढाऊ यानांच्या किंकाळीत हत्तीचा चीत्कार आहे. काल्पनिक जगाचे आवाज खऱ्या जगातून वेचल्यामुळेच ते जग वापरातले आणि जुनेपुराणे वाटते.

२५ मे १९७७ रोजी पहिला चित्रपट अवघ्या ३२ चित्रपटगृहांत लागला. दिग्दर्शनाचे मानधन वाढवून मागण्याऐवजी लुकस यांनी पुढील भागांचे आणि खेळण्यांसारख्या वस्तूंचे हक्क मागून घेतले होते, आणि त्या स्वातंत्र्यामुळेच १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ ते स्वतःच्या पैशावर काढू शकले. त्यांच्या कंपनीतला संगणक विभाग १९८६ मध्ये वेगळा होऊन ‘पिक्सार’ ही ॲनिमेशनपटांसाठी ओळखली जाणारी कंपनी झाला. फोटोशॉप तयार करणाऱ्या दोन भावांपैकी जॉन नॉल ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’मध्येच काम करत होते. म्हणजे ज्यांनी ही मालिका कधीच पाहिली नाही, त्यांच्याही रोजच्या पाहण्यात तिचा वारसा येतो.

त्यानंतरचा प्रवास मला तितका आनंददायक वाटत नाही. १९९७ मध्ये लुकस यांनी जुन्या तिन्ही चित्रपटांत संगणकाने नवी दृश्ये घातली, आणि ज्या हातकामासाठी ते पाहावेत त्यातलेच काही झाकले गेले. २०१२ मध्ये डिस्नेने लुकस यांची कंपनी लुकसफिल्म सुमारे ४०० कोटी डॉलरना विकत घेतली. त्यानंतरचे भाग देखणे आहेत, पण त्यांतले थोडेच नवी वाट शोधतात.

पाहताना कथेतल्या कालक्रमाऐवजी प्रदर्शनाचा क्रम धरावा: आधी १९७७, १९८० आणि १९८३ चे चित्रपट, मग १९९९ पासूनचे. १९८० च्या चित्रपटाच्या शेवटाकडे एक उलगडा होतो, आणि १९९९ ते २००५ मधले भाग आधी पाहिल्यास तो अगोदरच कळून जातो.