बायकोची बाजू आधी: विली नेल्सन यांचा ‘फेजेस अँड स्टेजेस’

आपण विचारले आहे की, ज्याने अमेरिकन कंट्री संगीत फारसे ऐकलेले नाही अशा माणसाने प्रेमभंगाच्या गाण्यांचा कोणता अल्बम ऐकावा. आणि तो नुसता रडका नसावा, असेही आपण म्हटले आहे. मी अमेरिकन कंट्री गायक-गीतकार विली नेल्सन यांचा १९७४ साली निघालेला ‘फेजेस अँड स्टेजेस’ सुचवेन. मात्र ऐकताना मोबाइलवरचे शफल बंद ठेवा, कारण गाण्यांचा क्रम मोडला की या अल्बममधले निम्मे हाती लागत नाही.

एका मोडलेल्या संसाराची ही गोष्ट आहे. एलपीच्या, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीच्या, पहिल्या बाजूवर ती बायकोच्या बाजूने सांगितली आहे आणि दुसऱ्या बाजूवर नवऱ्याच्या. दोन्हीकडे आवाज नेल्सन यांचाच आहे; बायकोच्या वाट्याची गाणी गाण्यासाठी त्यांनी कोणी गायिका आणलेली नाही, आणि ती गाताना आवाज नाजूक करण्याचा प्रयत्नही केलेला नाही. तोवर त्यांचे स्वतःचे दोन घटस्फोट झालेले होते, हे लक्षात घेतले तर बायकोला आधी बोलू देण्याचा हा निर्णय मला अधिकच मोलाचा वाटतो.

सुरुवात भांडी घासण्यापासून होते. पहिले गाणे अगदी छोटे आहे. ती भांडी घासते, फरशी पुसते, नवऱ्याचे शर्ट धुते, इस्त्री करता करता रडते, आणि एक दिवस ती सरळ निघून जाईल एवढे सांगून गाणे थांबते. त्या शर्टांच्या कॉलरवर लाल डाग आहेत. ते कशाचे, हे गाण्यात कोणी सांगत नाही आणि सांगायची गरजही पडत नाही. त्यापुढच्या ‘वॉकिन’मध्ये ती स्वतः बोलू लागते, आणि तिची भाषा एखाद्या राजीनाम्याच्या पत्रासारखी शांत, सर्व बाजूंचा विचार करून ठरवलेली अशी आहे. मग निरोप, माहेरी परतणे, कोपऱ्यावरच्या बिअरच्या गुत्त्यात पुन्हा नाचायला जाणे, आणि शेवटी नवे प्रेम जवळ येऊ लागल्यावर वाटणारी धास्ती, असा तिचा प्रवास होतो.

यानंतर एलपी उलटायची. ‘ब्लडी मेरी मॉर्निंग’ या धावत्या, जोशपूर्ण गाण्यात नवरा सकाळच्या विमानाने, दारूच्या सोबतीने ह्यूस्टनला निघाला आहे, आणि त्याची तक्रार अशी की बायको रात्रीतून, काही कल्पना न देता निघून गेली. हे गाणे नेल्सन यांनी १९७० मध्येही रेकॉर्ड केले होते, आणि सुटे ऐकले तर ते एका दुखावलेल्या, विनोदी स्वभावाच्या माणसाचे झकास गाणे वाटते. इथे मात्र आपण नुकतीच पहिली बाजू ऐकलेली असते. कल्पना कशी दिली नाही? ते कॉलर, ती इस्त्री, ते रडणे, हे सगळे त्याच्याच घरात चालू होते. नेल्सन त्याला कुठेही खोटे पाडत नाहीत, त्याची टिंगलही करत नाहीत. त्याला खरोखरच काही दिसलेले नव्हते, एवढेच आपल्याला कळते, आणि त्याच्या दुःखावर विश्वास ठेवूनही त्याची बाजू घेणे अवघड होऊन बसते.

याच बाजूवरचे ‘आय स्टिल कान्ट बिलीव्ह यू आर गॉन’ हे गाणे नेल्सन यांनी मुळात त्यांचे ड्रमवादक पॉल इंग्लिश यांच्या पत्नीच्या मृत्यूनंतर लिहिले होते. घटस्फोटाच्या गोष्टीत ते कसे बसेल अशी शंका येते, पण ते चपखल बसते, कारण या नवऱ्याच्या लेखी बायकोचे जाणे म्हणजे मरणच आहे. अल्बममधले सर्वांत संथ आणि जड गाणे हेच. ‘रडका’ म्हणायचेच झाले तर फक्त याला म्हणता येईल.

वाजवणाऱ्यांविषयीही थोडे सांगायला हवे. अल्बमचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी नेल्सन यांना कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलऐवजी अलाबामातील मसल शोल्स साउंड स्टुडिओत नेले. तिथली वादकमंडळी गायिका अरीथा फ्रँकलिन यांच्या गाण्यांना साथ केलेली, म्हणजे सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतात मुरलेली. त्यामुळे फिडल (कंट्री धाटणीचे व्हायोलिन) आणि स्टील गिटार अस्सल कंट्रीची असली तरी खालचे ड्रम आणि बेस डुलत चालतात. नेल्सन यांची सवय शब्द ठेक्याच्या किंचित आधी किंवा बऱ्याच नंतर टाकण्याची. साठच्या दशकातील त्यांच्या कित्येक रेकॉर्डवर ही सवय व्हायोलिनांच्या ताफ्याखाली दबून गेलेली आहे. इथे तिला मोकळी जागा मिळते, आणि गाणे बोलल्यासारखे वाटते. अल्बमच्या नावाचीच एक छोटी धून मधूनमधून परत येते व दोन्ही बाजूंना जोडून ठेवते. शफलवर ती निरर्थक तुकड्यासारखी ऐकू येईल.

हा अल्बम आवडल्यास पुढे बहुतेक जण आपल्याला १९७५ चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ऐकायला सांगतील. तो अधिक गाजला, आणि तोही सोडून गेलेल्या बायकोचीच गोष्ट सांगतो. जरूर ऐका, फक्त तिथे बायकोची बाजू शोधू नका, कारण तिथला नवरा तिला ठार मारतो.