सासरे मशाल, नवरा धनुष्यबाण, आणि लेकीला हवाय खो-खो

पत्र बरंच मोठं होतं, कापून देतेय.

"ताई, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. घरात सासरे, नवरा, मी आणि अकरा वर्षांची लेक. सासरे जुने शिवसैनिक, आनंद दिघेसाहेबांच्या वेळचे. २०२२ ला पक्ष फुटला तेव्हापासून सासरे मशालवाले आणि नवरा धनुष्यबाणवाला, जेवताना रोज वाजतं. जानेवारीत पालिकेची निवडणूक झाली तेव्हा तर आठवडाभर दोघं वेगवेगळ्या वेळी जेवले. आता भांडण लेकीवर आलंय. नवऱ्याने तिला दोन वर्षांपूर्वी क्रिकेट अकॅडमीत घातलं, आता तिला ते सोडून शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये जायचंय. नवरा म्हणतो आत्ता कुठे मुलींच्या क्रिकेटला दिवस आलेत आणि ही सोडतेय. सासरे म्हणतात, खो-खो आपल्या मातीतला मराठी खेळ, तुझ्या बापाला मातीचं काय पडलंय. त्यात मागच्या महिन्यात सोसायटीच्या टुर्नामेंटमध्ये लेकीची मैत्रीण दुसऱ्या विंगकडून खेळली, तर ही सगळ्यांसमोर तिला 'गद्दार' म्हणाली. त्या मुलीच्या आईने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. नवरा म्हणतो हे आजोबांचं शिक्षण, सासरे म्हणतात काय चुकीचं बोलली. मी काय करू? मी पण शाळेत खो-खो खेळायचे, तालुक्यापर्यंत गेले होते, पण ते जाऊ दे. – मधली"

अगं मधले,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, सॉरी, पण ते दोन वेळा लावलेलं ताट डोळ्यासमोर आलं. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले आणि मोजलं. तीन पानांत "सासरे म्हणतात" आठ वेळा आहे, "नवरा म्हणतो" अकरा वेळा, आणि "मला वाटतं" एकदाही नाही. लेकीला खो-खो का खेळायचाय हेही तीन पानांत कुठेच नाही. ते ठेवते बाजूला, येते त्याच्यावर.

आधी माझं सांगते. आम्ही नौपाड्यात राहायचो, माझे बाबा जनता पक्षवाले आणि सख्खा काका पक्का काँग्रेसवाला, एकाच जिन्यावर समोरासमोर बिऱ्हाडं. १९७७ च्या निवडणुकीत ठाण्यातून रामभाऊ म्हाळगी निवडून आले तेव्हा बाबांनी पेढे वाटले आणि काकाच्या दारात मुद्दाम दोन जास्त ठेवले. झालं. अकरा महिने दोघं बोलले नाहीत. नळ एक, मीटर एक, आणि मधे मी, वय वर्षं नऊ. "सांग तुझ्या शहाण्या बापाला, लाइट बिलाचे पैसे दे म्हणावं." मी बाबांना जाऊन सांगायचे, "काका म्हणतायत बिल आलंय." आणीबाणी काय, लोकशाही काय, मला ढिम्म कळलं नाही त्या अकरा महिन्यांत, पण कुणाचं वाक्य किती मऊ करून पोचवायचं हे पक्कं शिकले. खरं सांगू का, हा सल्ल्याचा धंदा त्याच ट्रेनिंगवर चाललाय.

तुझी लेक वाक्यं मऊ करत नाहीये, जशीच्या तशी वापरतेय. आणि विचार कर ना, तिचं लॉजिक बरोबरच होतं की! चार वर्षं तिने जेवणाच्या टेबलावर ऐकलंय की एका टीममधून दुसरीकडे गेलेल्या माणसाला काय म्हणायचं. मैत्रीण गेली, तिने शब्द लावला. त्यामुळे तिच्यावर ओरडून काही उपयोग नाही, आणि ग्रुपवर तू लांबलचक माफीनामा टाकू नकोस, ते तर अजिबात नको. तिने मैत्रिणीच्या घरी जाऊन स्वतः सॉरी म्हणायचं, तू खाली लिफ्टपाशी थांब. फक्त त्याआधी आजोबांनी तिला एक वाक्य सांगायला हवं, "हा शब्द मी रागात वापरतो, माणसाला असं म्हणू नये." एवढं एक वाक्य. सासरे तुझं ऐकणार नाहीत हे मला माहितीये, पण नातीचं नाव ग्रुपवर आलंय म्हटल्यावर ऐकतील. आणि नवऱ्यानेही आपल्या बापाला जे काय म्हणतो ते (तू लिहिलंयस, मी इथे छापत नाही) त्याच दिवशी बंद करायचं. एकालाच गप्प केलंस तर दुसरा जिंकला असं होईल, आणि मग गेलंच सगळं.

आता तू विचारलंयस की घरात राजकारणावर बोलायलाच बंदी घालू का. पेरेंटिंगवाल्या रील्समध्ये एक बाई असंच सांगते म्हणे, मुलांसमोर फक्त पॉझिटिव्ह बोला. मला नाही पटत. तुमच्याकडे टँकर कधी येणार, घोडबंदरचे खड्डे कधी बुजणार, शाळेत पाचवीच्या वर्गात किती पोरं कोंबणार, हे सगळं राजकारणच ठरवतं, ते मुलीपासून लपवून ती अठराव्या वर्षी मत कशाच्या जोरावर देणार? मत वेगळं असलेली दोन माणसं एकमेकांना आमटी वाढतात हे पोरांनी बघायला पाहिजे. हल्ली ते बघायला मिळत नाही, जो तो आपापल्या मोबाइलमध्ये आपल्याच बाजूचं ऐकत बसतो. त्या मानाने तुझ्या घरात निदान दोन्ही बाजू एका टेबलावर आहेत, हे मला तरी बरं लक्षण वाटतं.

म्हणून विषय बंद करू नकोस, शिव्या बंद कर. अकरा वर्षांच्या मुलीला जून २०२२ मध्ये काय झालं ते सरळ सांगता येतं. आमदार वेगळे झाले, सरकार पडलं, शिंदे मुख्यमंत्री झाले, पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांच्याकडे दिला, ठाकरेंकडे मशाल राहिली, दुसऱ्या बाजूला हा निर्णय मान्य नाही. एवढं तिला दोघांनी मिळून सांगावं, मग आपापली बाजू पाच-पाच मिनिटं, समोरच्याला नाव न ठेवता. जमणार नाही पहिल्यांदा. आजोबा सहाव्या मिनिटाला सुटतील. चालतंय.

आणि सासऱ्यांचं जरा समजून घे गं. ऑगस्ट २००१ मध्ये दिघेसाहेब गेले तेव्हा हे शहर कसं रडलं ते मी बघितलंय, मी कुठल्याच पक्षाची नाही तरी सांगते. त्या पिढीला पक्ष म्हणजे मेंबरशिप नव्हती, ऐन तारुण्य होतं त्यांचं. पण तुझा नवराही त्याच बापाच्या खांद्यावर बसून मिरवणुका बघतच मोठा झाला ना? तुमच्या हॉलमध्ये दिघेसाहेबांचा फोटो असणार, पैज लावते, आणि तो एकच असणार. दोघांनाही तोच फोटो हवाय. उगाच नाही इतकं चिघळत. परक्या विचाराच्या माणसाशी कुणी इतकं भांडत नाही.

बरं, आता खेळाचं. तू लिहिलंयस की नवरा लेकीला घेऊन २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळला डी वाय पाटीलला गेला होता, महिला क्रिकेट वर्ल्डकपच्या फायनलला. नशीबवान आहेत! मी टीव्हीवर बघितली, पावसाने उशीर झाला आणि हरमनप्रीतने तो शेवटचा कॅच घेतला तेव्हा मध्यरात्रीचा सुमार होता, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी थाळ्या वाजवत होतं. दीप्तीच्या पाच विकेट, शफालीच्या ८७ धावा. अशी रात्र स्टेडियममध्ये लेकीला शेजारी बसवून बघितलेल्या बापाला तिने चार महिन्यांत "मला क्रिकेट नको" म्हणणं किती लागलं असेल. तो सांगतो ते खोटंही नाही, महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात स्मृती मंधानाला ३ कोटी ४० लाख मिळाले, मॅच फीही पुरुषांएवढी झाली. सगळं खरं. पण त्याने स्वतःची ती रात्र लेकीच्या खांद्यावर ठेवलीये आणि ती जड आहे.

त्याला त्याच्याच आवडीच्या खेळाडूचं उदाहरण दे. त्याच मैदानावर सेमीफायनलला ऑस्ट्रेलियासमोर नाबाद १२७ मारणारी आपली जेमिमा रॉड्रिग्ज लहानपणी महाराष्ट्राच्या वयोगटातल्या संघाकडून हॉकीही खेळलीये. दोन खेळ खेळली म्हणून काही बिघडलं नाही तिचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये हेच सांगितलं होतं, की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी द्या, वर्षातून एकूण निदान तीन महिने, एकेक महिना करून, तो खेळ बंद ठेवा. एकच स्नायू, एकच सांधा वर्षभर वापरला की दुखापती होतात, आणि पोरं कंटाळतात ते वेगळंच. तुमची लेक दोन वर्षं सलग, सकाळी साडेपाचला उठून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून. मी असते तर सहाव्या महिन्यात पळाले असते.

सासऱ्यांनाही सांग, मातीचा मुद्दा आता चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला तो मॅटवर, इनडोअर स्टेडियममध्ये, आणि दोन्ही फायनल आपण नेपाळविरुद्ध जिंकलो, म्हणजे खेळ मराठी सोडा, भारतीयही उरलेला नाही, चांगल्या अर्थाने. हां, पुरुषांचा कॅप्टन प्रतीक वाईकर आणि मुलींची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे, तेवढं त्यांना मिरवू दे. पण नातीने खो-खो निवडला म्हणजे मुलगा हरला, असं त्यांनी धरायचं नाही.

आता ती बाजूला ठेवलेली गोष्ट. तिला क्रिकेट का नकोय? कुणी विचारलंय? कारण फार साधं असू शकतं. अकॅडमीत वीस मुलगे आणि दोन मुली असतील, नेटमध्ये नंबरच लागत नसेल. सर ओरडत असतील. मैदानावर मुलींसाठी धड टॉयलेट नसेल, या कारणाने किती पोरी खेळ सोडतात हे आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही. अकरा वर्षांची आहे, पाळी आली असेल किंवा येईल अशी भीती असेल, आणि वर ती पांढरी पँट. हे ती बाबांना सांगणार नाही आणि आजोबांना तर नाहीच. किंवा यातलं काहीच नसेल, तिला नुसतं पळायला आवडत असेल. समोर बसवून "बोल बाळा" करू नकोस, ती गप्प होईल. वेणी घालताना विचार, किंवा स्कूटरवर ती मागे बसलेली असताना. तोंड दिसत नसलं की पोरं बोलतात.

आणि जे सांगेल ते घरात तू मांड. "ती म्हणते" असं नाही, "मला असं वाटतं की" असं. भरलेली फी संपेपर्यंत क्रिकेट करायचं की नाही हे तिला ठरवू दे, किट विकू नका, माळ्यावर ठेवा, नंतर परत मागितलं तर टोमणा न मारता काढून द्या. मी हे शहाणपण उशिरा शिकले बरं का. माझा मुलगा बॅडमिंटन खेळायचा आणि मी कोर्टाच्या कडेला बसून प्रत्येक पॉइंटला ओरडायचे, चौदाव्या वर्षी रॅकेट ठेवली त्याने. आता तिशीत रविवारी ऑफिसच्या मित्रांबरोबर खेळतो, मजेत असतो, मला बघायला मात्र कधी बोलवत नाही.

एक उद्योग सुचवते. खो-खोला मैदान लागतं साधारण २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. तुमच्या टॉवरला पोडियम आहे, जिम आहे, पण मातीचा एक तुकडा नाही, असं तूच लिहिलंयस. मग सासरे आणि नवरा, दोघांना एकत्र पाठव नगरसेवकाकडे, मैदान कुठे मिळतंय विचारायला. कुठल्या पक्षाचा निवडून आलाय त्याप्रमाणे दोघांपैकी एकजण तिथे मान खाली घालून उभा राहील, दुसरा छाती काढून, पण काम एकच असेल. आले भांडत तर आले.

आता तुझं. "तालुक्यापर्यंत गेले होते, पण ते जाऊ दे." का जाऊ दे? नवऱ्याला माहितीये हे? लेकीला? मला तर वाटतं कुणालाच माहीत नाही, नाहीतर तीन पानांच्या शेवटी असं कोपऱ्यात कशाला लिहिलं असतंस. घरात खो-खोवरून महिनाभर महाभारत चाललंय आणि जिला खांबाजवळून हूल देऊन निसटता येतं ती बाई पोळ्या लाटत गप्प आहे! दोन पुरुष अशा खेळावर भांडतायत जो त्या घरात फक्त तू खेळलीयेस.

येत्या रविवारी संध्याकाळी लेकीला घेऊन पोडियमवर जा. दोन खांब कशाचेही करा, कुंड्या चालतील. बसलेल्याला मागून हात लावून "खो" कसा द्यायचा, धावताना दिशा घेतली की मागे का वळता येत नाही, हे तिला तू शिकव. बसायला माणसं कमी पडली तर वरून दोघांना बोलव, सासऱ्यांना उकिडवं बसवणार नाही, त्यांना प्लास्टिकची खुर्ची दे, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, खेळाचा नियमच तसा आहे.

गुडघ्याला निकॅप घाल. आणि पोल डाइव्ह, म्हणजे खांब धरून झेप, नको, या वयात खरंच नको.

तुझी ताई