ताण असतो, ताण येतो, ताण देतात

प्रश्न असा आला आहे. विदर्भातल्या वरुड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मुलं 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी भित्तिपत्रक करत आहेत. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, वैद्यक आणि पर्यावरण या चार क्षेत्रांतल्या संशोधनाच्या चार चौकटी आहेत आणि चारही चौकटींत ‘ताण’ हा शब्द आला आहे: पुलाच्या तुळईतला, दोरीतला, माणसाच्या मनावरचा आणि पाण्याचा. मजकूर तपासणाऱ्या शिक्षकांनी सगळीकडे ‘प्रतिबल’ करायला सांगितलं, म्हणजे शास्त्रीय वाटेल. प्रश्न विचारणाऱ्या ताई लिहितात, “आमच्या घरी संत्र्याला ताण देतात. बाबा त्याला प्रतिबल कधीच म्हणणार नाहीत. मग हा शब्द एक आहे की चार? आणि ‘ताण दिला’ म्हणायचं की ‘दिली’?”

आधी उत्तर सांगतो. शब्द एकच आहे. ‘प्रतिबल’ फक्त अभियांत्रिकीच्या चौकटीत ठेवा, उरलेल्या तिन्ही ठिकाणी ‘ताण’च बरोबर आहे. तुमच्या बाबांचा ताण, म्हणजे फुलोरा यावा म्हणून बागेचं पाणी काही काळ बंद ठेवणं, तर या सगळ्यांत अस्सल आहे. त्याच्याकडे येतोच.

‘ताण’ हा संस्कृत ‘तन्’ धातूच्या घरातला शब्द. तन् म्हणजे ताणणं, पसरणं. तंतू, तंत्र, गवयाची तान, कोष्ट्याच्या मागावरचा ताणा ही सगळी त्याच घरातली. लॅटिनमधला ‘टेन्डेरे’ हा धातूही याच प्राचीन मुळातून आला आणि त्यावरून इंग्रजीतलं ‘टेन्शन’. म्हणजे आपण उठताबसता जे ‘टेन्शन’ म्हणतो ते आपल्या ‘ताणा’चं लांबचं भावंड आहे. ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ मात्र दुसऱ्या मुळाचे, आवळणं या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेले. इंग्रजी मजकुरात तीन वेगळे शब्द असतात आणि मराठीत उतरवताना तिन्हींसाठी हाताशी ‘ताण’च येतो. मुलांच्या चार चौकटींत तो चारदा आला तो यामुळेच.

भौतिकशास्त्रातला ताण सोपा आहे. विहिरीवर बादली ओढताना दोरात जे ओढीचं बल असतं, ते ताण. ते न्यूटनमध्ये मोजतात. इथं वाक्य ‘दोरात ताण असतो’ असं होतं. दोराला ताण ‘येतो’ असंही चालतं, पण दोर ताण ‘घेत’ नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या ‘पृष्ठताणा’तही हाच शब्द आहे आणि तोही योग्य आहे, फक्त तिथं माप न्यूटन प्रति मीटर असं होतं.

अभियांत्रिकीत अडचण सुरू होते. रॉबर्ट हूक यांनी 1678 मध्ये स्प्रिंगचा नियम लॅटिनमध्ये मांडला, ‘उट टेन्सिओ, सिक विस’. शब्दशः ‘जसा ताण, तसं बल’. पण हूक यांचं ‘टेन्सिओ’ म्हणजे ओढीचं बल नव्हे, तर स्प्रिंग जेवढी लांबली ती लांबी. आज आपण ज्याला ताण म्हणतो ते त्या वाक्यात ‘विस’ आहे. शब्दांची ही सरमिसळ मराठीत आल्यावर झालेली नाही, ती नियमाच्या जन्मापासूनची आहे. पुढं 1820च्या दशकात फ्रेंच गणितज्ञ ऑग्युस्तँ कोशी यांनी पदार्थाच्या आतल्या प्रत्येक पृष्ठावर दर एकक क्षेत्रफळामागं किती बल आहे, असा विचार नेमका मांडला. तेच प्रतिबल. माप पास्कल, म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटर.

याला ‘ताण’ का म्हणू नये? कारण प्रतिबल तीन तऱ्हांचं असतं. ओढीचं, दाबाचं आणि कातरीसारखं सरकवणारं. ताण ही त्यातली एक तऱ्हा. सगळ्याच प्रतिबलाला ताण म्हटलं तर पुलाच्या खांबाबद्दल ‘दाबाचा ताण’ असं लिहावं लागेल आणि वाचणाऱ्याला काहीच बोध होणार नाही.

आपल्याकडं हे दाखवायला बंडीचं चाक आहे. लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी धाव, म्हणजे चाकावरची गोल पट्टी, बनवतो, ती जाळात लाल करतो, फुगलेली धाव चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. धाव आवळते, लाकडाचे सांधे घट्ट बसतात. आता बंडी झाडाखाली उभी आहे, बैल सोडलेले आहेत, कुणी काही ओढत नाही. तरीही धावेत ओढ आहे आणि लाकडात दाब आहे. दोन्ही प्रतिबलं आहेत, पण ताण फक्त धावेत आहे. रेल्वेच्या सिमेंटच्या स्लीपरमध्येही तंत्र याच जातीचं. पोलादी तारा आधी ताणून धरतात, त्यांच्याभोवती काँक्रीट ओततात, ते घट्ट झालं की तारा सोडतात. तारा आखडू पाहतात आणि काँक्रीट कायम दाबाखाली राहतं. त्याला मराठीत ‘पूर्वप्रतिबलित काँक्रीट’ म्हणतात आणि फ्रान्सच्या यूजीन फ्रेसिने यांनी 1928 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एवढं स्पष्ट काम करणारा ‘प्रतिबल’ हा शब्द दुसऱ्या चौकटीत नेऊन सैल करायला माझा विरोध आहे.

याच चौकटीत एक सावधगिरी. प्रतिबलामुळं आकारात जो बदल होतो त्याला अभियांत्रिकीच्या मराठीत ‘विकृती’ म्हणतात. शेजारच्या वैद्यकाच्या चौकटीत ‘विकृती’ म्हणजे रोगानं झालेला बिघाड, ‘विकृतिविज्ञान’ हे तर त्या शास्त्राचंच नाव. एकाच भिंतीवर दोन अर्थ शेजारी लागणार असतील तर अभियांत्रिकीत ‘आकारातला बदल’ असं सरळ लिहा.

वैद्यकातला ताण वयानं लहान. आपल्या आज्या ‘जिवाले घोर लागला’ म्हणत, ‘काळजीनं खाल्लं’ म्हणत. मनाला ताण येतो हे बोलणं नंतरचं, ‘स्ट्रेस’च्या मागोमाग आलेलं. तो ‘स्ट्रेस’सुद्धा वैद्यकात उसना आहे. व्हिएन्नात 1907 मध्ये जन्मलेले हान्स सेल्ये कॅनडात माँट्रियलला संशोधन करत होते. 1936 मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम, विष असा कोणताही जाच झाला तरी शरीराचं उत्तर बरंचसं सारखं येतं: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी वाढतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, पोटात व्रण होतात. पुढं या उत्तराच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या, धोक्याची जाग, मग तग धरणं आणि शेवटी थकून जाणं. या सगळ्याला त्यांनी ‘स्ट्रेस’ हे नाव दिलं. खरं तर अभियंत्यांच्या भाषेत बदल घडवतो तो स्ट्रेस आणि त्यानं आत जो बदल होतो तो स्ट्रेन. सेल्ये तर आतल्या बदलाबद्दल बोलत होते. इंग्रजी आपली भाषा नसल्यामुळं हा फरक तेव्हा ध्यानात आला नाही, असं त्यांनीच पुढं सांगितलं. मग कारणासाठी ‘स्ट्रेसर’ असा निराळा शब्द घडवावा लागला.

मराठीनं इथं नवा शब्द न घडवता क्रियापदावर भागवलं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ‘कामाचा ताण आहे’ म्हटलं की ताण बाहेरचा, कारण. ‘मला ताण आलाय’ म्हटलं की आतला, परिणाम. ‘फार ताण घेऊ नको’ म्हटलं की त्यात माणसाचा स्वतःचा हातही आला. वैद्यकाची चौकट लिहिताना मुलांना एवढंच सांगा, की ‘ताण’च्या पुढचं क्रियापद जपून निवडा. ‘मनावरील प्रतिबल’ मात्र कृपा करून लिहू नका.

आता संत्रा. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागात ‘ताण देणे’ हे शेतकामाचं पक्कं नाव आहे, वखरणी किंवा फवारणीसारखं. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बागेचं पाणी बंद करतात. मृग बहाराला हेच उन्हाळ्यात करतात आणि मृगाचा पाऊस ताण मोडतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा, कारण ती ओल धरून ठेवते. या कामाची क्रियापदं पाहा. पाणी ‘तोडतात’, ताण ‘देतात’, पानं दुपारी मलूल होऊन पिवळसर पडायला लागली की ताण ‘बसला’, मग पाणी सोडून ताण ‘तोडतात’. जानेवारीत अवकाळी आला की “ताण तुटला ना बापा” हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. ‘तोडणे’ हे क्रियापद सुरुवातीला पाण्यासाठी आणि शेवटी ताणासाठी येतं, कुणाचा घोटाळा होत नाही. ताण हलका बसला, खोल बसला, अर्धवट राहिला, या छटाही बोलण्यात आहेत. यातलं एकही वाक्य ‘प्रतिबल’ घालून बोलता येत नाही.

यामागचं विज्ञानही सांगतो, कारण पर्यावरणाच्या चौकटीत ते हवं. पाणी मिळत राहिलं की झाड नवी पालवी काढत राहतं. पाणी तुटलं की वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठून राहतं. लिंबूवर्गीय झाडांत जिबरेलिन हे संजीवक, म्हणजे झाडाची वाढ चालवणारं द्रव्य, फुलोऱ्याला अडवतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ताणाच्या काळात वाढीचा जोर ओसरला की फांदीवरच्या डोळ्यांना, म्हणजे अंकुरांना, फुलाकडं वळायला वाव मिळतो. पुरेसा ताण बसणार नाही असं दिसलं तर वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडची फवारणी सुचवतात, तिचा हेतू हाच.

माझ्या दृष्टीनं या चर्चेतली सर्वांत सुंदर गोष्ट पुढं आहे. बाबा ताण देतात तेव्हा झाडाच्या आत खराखुरा भौतिकशास्त्रातला ताण वाढतो. मुळांपासून पानांपर्यंत बारीक नळ्यांतून पाण्याचे सलग धागे गेलेले असतात. पानातून वाफ उडते, धागा वर ओढला जातो, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळं तो तुटत नाही. डब्लिनमध्ये हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 मध्ये ही उपपत्ती मांडली. जमीन सुकली की खालून पाणी सुटत नाही, वरची ओढ चालूच राहते आणि धागा अधिक ताणला जातो. 1965 मध्ये पेर स्कोलांडर यांनी हे मोजायची रीत प्रसिद्ध केली. फांदी किंवा पान पोलादी भांड्यात बंद करायचं, देठाचं कापलेलं टोक बाहेर ठेवायचं आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. ज्या दाबाला टोकावर पाण्याचा थेंब येतो, साधारण तेवढाच ताण झाडातल्या पाण्यात होता. तहानलेल्या झाडात दुपारी तो 1 मेगापास्कलच्या पुढं सहज जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या 10 पटींहून अधिक. शेतकऱ्याचा ताण आणि दोरीतला ताण या दोन शब्दांना जोडायला कोशकाराची गरजच नाही, झाडात ते एकच आहेत.

पर्यावरणात ‘पाण्याचा ताण’ म्हणजे माणसांना पाणी कमी पडणं. स्वीडनच्या जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी 1989 मध्ये दिलेल्या मापाप्रमाणं दर माणशी वर्षाला 1700 घनमीटरपेक्षा कमी पाणी उपलब्ध असेल तर ताण, 1000 पेक्षा कमी असेल तर टंचाई. भारताचा 2011 चा आकडा 1545 होता, म्हणजे आपण ताणाच्या पायरीवर आहोत, टंचाईच्या नाही. मुलांनी ‘ताण’ आणि ‘टंचाई’ हे दोन शब्द अदलाबदल करून वापरू नयेत, इथं त्यांच्यात 700 घनमीटरांचं अंतर आहे. संत्र्याच्या पट्ट्यात बोअर खोल खोल जात आहेत हे तुम्ही रोज पाहता. तेव्हा झाडाला आपण दिलेला ताण आणि जमिनीतल्या पाण्यावर आपण आणलेला ताण, ही दोन वाक्यं त्या चौकटीत शेजारी यायला हवीत.

एक उपप्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून लिहितो. इंग्रजीत ‘टेन्शन’ असलेल्या दोन ठिकाणी मराठीनं ‘दाब’ घेतला आहे. हायटेन्शन लाइन म्हणजे उच्चदाब वाहिनी आणि हायपरटेन्शन म्हणजे उच्च रक्तदाब. दोन्ही रुळलेले आहेत, तिथं ‘ताण’ घालू नका. ‘तणाव’ हा शब्द वेगळा. गावात दोन गटांत असतो तो तणाव, एकट्या माणसाला येतो तो ताण, इतका भेद पाळला तर बरं.

राहिला लिंगाचा प्रश्न. प्रमाण लेखनात ‘ताण’ पुल्लिंगी धरा: ताण दिला, ताण बसला, पृष्ठताण वाढला. मात्र पाऊस लांबतो तेव्हा ‘पावसानं ताण दिली’ असं स्त्रीलिंगी रूपही ऐकू येतं. मला वाटतं, त्यामागं ‘पावसानं ओढ दिली’ हा शेजारचा वाक्प्रचार असावा. ओढ स्त्रीलिंगी, अर्थ तोच, आणि ‘ओढाताण’ या शब्दात दोघं एकत्र नांदतातच. बोलताना ‘दिली’ म्हणणाऱ्याला थांबवू नका. भित्तिपत्रकावर ‘संत्र्याला ताण दिला’ असं लिहा आणि त्याखाली आंबवणी (ताण तोडतानाचं हलकं पाणी), बहार, वखर हे शब्द जसे घरी बोलता तसेच येऊ द्या.