आधी हवा, मग इंजिन

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतची सुट्या भागांची लांबलचक यादी मिळाली. पत्र दोनदा वाचले. यादी मात्र एकदाच वाचून बाजूला ठेवली, कारण तिच्यात फोर्ज्ड पिस्टन आहे, हलका कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आहे, मोठा कार्ब्युरेटर आहे, झडपा जास्त उघडणारा हाय-लिफ्ट कॅम आहे आणि शेवटी प्रश्नचिन्ह घालून इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोसुद्धा आहे; पण त्या बुलेटवर तू ओणवी झाल्यावर समोरून कशी दिसतेस, याचा एक फोटोही पाठवावा असे तुला वाटले नाही. बुलेट मिठाच्या सपाटीवर जास्तीत जास्त वेगाने पळवायची आहे, पण सुरुवात नेमकी कुठून करावी हेच उमगत नाही, असे तू लिहितेस. सुरुवात हवेपासून कर. आधी हवा, मग इंजिन. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येईल आणि तुला त्याचा कंटाळा येईल, याची मला पूर्ण कल्पना आहे.

तू ज्या मिठागरावर धावणार आहेस, त्या अमेरिकेतल्या युटा राज्यातील बॉनव्हिलचाच दाखला देतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रोली फ्री याने ९९८ सीसीच्या दोन सिलिंडरांच्या व्हिन्सेंटवर ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे जवळपास २४२ किलोमीटर वेग गाठला. आधीच्या फेरीत त्याचा चामडी पोशाख फाटला होता, म्हणून तो पोहण्याच्या चड्डीवर गाडीवर आडवा झाला. ते छायाचित्र जगभर गाजले. पण त्यानंतर आठच वर्षांनी, १९५६ मध्ये, एच. पी. म्युलर याने त्याच मिठावर जवळपास तेवढाच वेग १२५ सीसीच्या एका सिलिंडरवर काढला, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. एनएसयू या जर्मन कंपनीच्या त्या गाडीत तो अक्षरशः पाठीवर रेलून बसला होता आणि त्याच्याभोवती गुस्ताव बाउम याने आखलेले माशासारखे निमुळते कवच होते. इंजिनाची ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास. आकारमान व्हिन्सेंटच्या एक अष्टमांश आणि वेग तोच! हे वाचल्यावरही ज्याला पिस्टनची चिंता आधी वाटते, त्याच्याशी मी वाद घालत नाही.

आता तुझ्या गाडीचे गणित. हवेला कापत जाण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे तुला अभ्यासक्रमातून ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ तू हिशेबात धरलेला दिसत नाही. वेग २० टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद सुमारे ७३ टक्के जास्त लागते. ताकद दुप्पट केलीस तरी वेग जेमतेम २६ टक्के वाढतो. आणि हवेचा अडथळा निम्मा केलास, तरीही वेग जवळपास तेवढाच वाढतो. म्हणजे दोन्ही वाटा एकाच गावाला जातात. प्रश्न एवढाच, की तुझ्या खिशाला आणि इंजिनातल्या त्या फिरत्या क्रँकला कोणती वाट झेपेल.

कारण तुझी बुलेट ५०० आहे जुनी, बिडाच्या सिलिंडरची. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची ये-जा) ९०. कारखान्यातून निघाली तेव्हा तिची ताकद बावीस अश्वशक्तीच्या आसपास होती. ती दुप्पट करायची म्हणजे इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागणार. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१ मीटर होतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम धरल्या, तर टोकाला पोहोचून मागे वळताना तो पिस्टन रॉडला सुमारे १,२०० किलोच्या जोराने ओढतो, आणि हे प्रत्येक फेरीत होते. चार सिलिंडरांच्या इंजिनात हा भार वाटला जातो. इथे सगळे एकाच रॉडच्या आणि त्याच्या क्रँककडच्या टोकाच्या एकाच बिग-एंड बेअरिंगच्या माथी. शिवाय पूर्ण थ्रॉटल काही क्षणांपुरता नसतो. ताशी १८० किलोमीटरने एक मैल कापायला ३२ सेकंद लागतात, आणि त्याआधीची सगळी धावही थ्रॉटल उघडा ठेवूनच घ्यायची असते. हवेवर थंड होणारे ते बिडाचे सिलिंडर तिथे काय सोसते, ते फेरीनंतर त्याच्याजवळ हात नेलास की कळेल. मी इंजिनाच्या विरोधात नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर माझा हात बसला आहे. पोर्टिंग करताना, म्हणजे इंजिनातल्या हवेच्या वाटा घासताना, बोटांना लागणारी ती गुळगुळीत कड मला आजही सुखावते. पण तिथेही एक खोड होतीच: ताकद काढणारा तो मिस्त्री, आणि पत्रा वळवणारा तो नुसता रंगारी. ती खोड मी इकडे कॅलिफोर्नियात आल्यावर फार उशिरा सोडली, असे माझे मित्र म्हणतात. मी म्हणतो, वेळेवर सोडली.

तू लिहितेस की गाडी "चांगल्या दणकट" रायडरला द्यावी असे तुला कोणी सुचवले. कोणी? त्या माणसाचे पुन्हा ऐकू नकोस. तुझी उंची पाच फूट एक इंच आहे, आणि या खेळात ती तुझी सर्वांत महागडी वस्तू आहे. ती पैसे देऊन मिळत नाही. उघड्या गाडीवर हवेला सर्वांत मोठा अडथळा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाय ठेवायचे फूटपेग मागे आणि वर ने, हँडल फोर्कच्या नळ्यांवर खाली आण, टाकीच्या माथ्यावर हनुवटी टेकेल अशी जागा कर, कोपरे गुडघ्यांच्या पुढे मिटतील असे बघ. हेडलाइट काढल्यावर मागे उरणारे भोकही बुजव. आणि ही ओणवी बैठक घरी भिंतीसमोर स्टँडवर गाडी लावून रोज कर, कारण सुरुवातीला मान दोन मिनिटांत भरून येते.

हे मी इतक्या अधिकाराने का सांगतो, तेही सांगून टाकतो. २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी मीठ ओले आणि खराब असल्यामुळे बॉनव्हिलचा स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या विक्रमांचा तिथला वार्षिक मेळावा, रद्द झाला. त्या वेळी माझे गुडघे अजून पूर्ण मिटत होते. आता मिटत नाहीत. माझ्या नावावर एकही विक्रम नाही; ज्यांच्या नावावर आहेत, त्यांपैकी काहींच्या गाड्यांचे पत्रे मी वळवलेले आहेत. कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर, जिथे अशाच गाड्या धावतात, मला टेपवाला म्हणतात, कारण मी रांगेत उभ्या गाडीच्याही फटी टेपने बंद करत असतो. टर्बो न लावल्याबद्दल मला भित्रा म्हणणारेही आहेत. मी टर्बो लावला नाही तो पैशांअभावी नव्हे, भीतीपोटीही नव्हे. हवेकडून फुकट मिळणारे सगळे घेऊन झाल्याशिवाय इंजिनाकडे हात पसरायचा नाही, असे मी ठरवले होते, आणि ते सगळे घेऊन कधी झालेच नाही. याला हट्ट म्हणायचे असेल तर खुशाल म्हण.

आता करायचे काय? बंद धावपट्टी किंवा निर्मनुष्य सपाट रस्ता शोध. पहाटे, वारा पडलेला असताना जा. गाडी ताशी ११० किलोमीटरपर्यंत ने, क्लच दाब आणि १०० वरून ८० पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोज. मग उलट दिशेने तेच कर आणि दोन्हींची सरासरी काढ. तुझे नि गाडीचे मिळून २३० किलो धरले, तर उघड्या बैठकीत साधारण ८ सेकंद येतील. अडथळा पाचव्या हिस्स्याने कमी झाला की तोच आकडा साडेनऊच्या आसपास जाईल. दीड सेकंदाचा हा फरक मोजायला डायनो, म्हणजे ताकद मोजायचे यंत्र, लागत नाही, मोबाइल पुरतो.

दुसरे म्हणजे लोकर. बोटभर लांबीचे दोरे पोशाखाच्या पाठीवर, खांद्यांवर, हेल्मेटवर आणि सीटच्या शेपटावर चिकटव, आणि शेजारून गाडीतून कोणाला तरी चित्रीकरण करायला सांग. खांद्यावरचे दोरे अंगाला चिकटून मागे सरळ झोपलेले दिसतील. पाठीच्या उतारावर ते थरथरू लागतील. आणि सीटच्या मागे काही दोरे चक्क उलटे वळून पुढे, तुझ्याकडे तोंड करून नाचताना दिसतील. इथेच घोडे पेंड खाते. हवा तिथे तुला मागे खेचते आहे. लोक समोरचे नाक घासून गुळगुळीत करत बसतात, आणि चोरी मात्र मागच्या दाराने होत असते.

स्पर्धेतला वर्ग निवडल्याशिवाय पत्र्याला कात्री लावू नकोस. स्पीड वीक भरवणाऱ्या सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनच्या नियमपुस्तकात काही वर्गांत फेअरिंगला (हवा कापणाऱ्या बाहेरच्या कवचाला) मुळीच परवानगी नाही, काहींत ती मर्यादेत चालते. पुस्तक विकत घे आणि तुझ्या वर्गाची पाने पाठ कर. फेअरिंगच्या वर्गात गेलीस, तर बाजूच्या वाऱ्याचा जोर गुरुत्वमध्याच्या मागे पडेल असा आकार ठेव, आणि पुढचे चाक चकतीने झाकू नकोस. उलटे झाले तर वारा पुढचे टोक ढकलतो आणि गाडी वाट सोडते. हँडलची थरथर रोखणारा स्टिअरिंग डँपर, पडल्यास इंजिन बंद करणारी मनगटाला बांधलेली किल-स्विचची दोरी, टायरची वेगमर्यादा या गोष्टींवर मी काही लिहीत नाही. त्या नसतील तर तपासणीतच तुला परत पाठवतील, आणि ते योग्यच आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८५ मीटर उंचीवरच्या बॉनव्हिलला इंजिन गुदमरेल, ही तुझी चिंता अर्धीच खरी आहे. हवा विरळ म्हणून इंजिन जेवढे गमावते, जवळपास तेवढेच विरळ हवेचा अडथळा परत करतो. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मुख्य जेट मात्र लहान करावा लागेल. पण मिठावर मागचे चाक घसरते, हे विसरू नकोस. इंजिनाच्या फेऱ्यांवरून काढलेला वेग आणि टायमिंगच्या चिठ्ठीवरचा वेग यांत फरक पडेल, तो लिहून ठेव आणि स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) त्यावरून ठरव. घसरण जास्त असेल तर मागे वजन वाढवायलाही कचरू नकोस. वेग घ्यायला मैलभर जागा असताना हलकेपणाचे कौतुक तिथे कामाचे नाही.

पिस्टनची ऑर्डर दिली नसशील तर थांब. दिली असशील तर तो डबा न उघडता कपाटात ठेव. दोन्ही दिशांचे सेकंद, टायरमधली हवा, त्या वेळचे तापमान आणि समोरून लांबून काढलेला एक फोटो एवढे मला पाठव. फोटोत तुझ्याशेजारी मीटरपट्टी उभी कर, म्हणजे समोरचे क्षेत्रफळ मला काढता येईल. ते आले की स्प्रॉकेटच्या दातांबद्दल सविस्तर लिहितो.

तुझा,
काका