इंग्लंडमधल्या अँग्लिकन पाद्र्याला पगार किती असतो? रविवार सोडून बाकीचे सहा दिवस तो काय करतो?

नैऋत्य इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहतो. इथल्या चर्चचे वर्षाचे हिशेब तपासून सही करायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, तेही फुकट. हिंदू माणूस चर्चचा हिशेब तपासतो याचं गावात कुणाला काही वाटत नाही, आमच्या महाराष्ट्र मंडळात मात्र चेष्टा होते. असो.

आधी वसईचे फादर डोळ्यांसमोरून काढा. अँग्लिकन पाद्री लग्न करतात. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, म्हणजे इथल्या अँग्लिकन चर्चमध्ये, 1994 पासून बायकाही पाद्री होतात. आमच्या विकर, म्हणजे गावच्या पाद्री, बाईच आहेत. पूर्वी नर्स होत्या, चाळिशीनंतर इकडे वळल्या. निवड, दोन-तीन वर्षं धर्मशिक्षण, आधी डीकन (पाद्र्याच्या खालची पायरी), साधारण वर्षाने पाद्री आणि तीन-चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली उमेदवारी, असा हा रस्ता.

पगार वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास. लंडनच्या भुयारी रेल्वेचा मोटरमन याच्या दुपटीहून जास्त कमावतो. राहायला घर मिळतं, पण सत्तरीला निवृत्त झालं की ते सोडायचं, त्यामुळे पन्नाशीपासूनच म्हातारपणीच्या छपराची चिंता. दक्षिणेचं म्हणाल तर लग्न-अंत्यविधीची फी धर्मप्रांताला (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) आणि चर्चला जाते, पगारी पाद्र्याच्या खिशात नाही.

गंमत म्हणजे कायद्याने ही नोकरीच नाही. पाद्री म्हणजे 'पदधारक'. आपल्याला हे वतनावरून चटकन कळेल. पूर्वी पॅरिशबरोबर, म्हणजे पाद्र्याकडे सोपवलेल्या गावाबरोबर, इनाम जमीन यायची, तिला ग्लीब म्हणतात. शिवाय पिकाचा दहावा हिस्सा. एकदा नेमणूक झाली की बिशपलाही त्याला हलवणं मुश्कील. दशांश केव्हाच गेला, जमीन 1978 मध्ये धर्मप्रांताकडे गेली आणि 2011 पासून नव्या नेमणुका वेगळ्या नियमांनी होऊ लागल्या. जबाबदाऱ्या मात्र वतनदाराच्याच राहिल्या.

आमच्या बाईंकडे पाच गावं, पाच चर्चं. रविवारी गाडी दामटत दोन-तीन ठिकाणी प्रार्थना. पॅरिशमध्ये राहणारा कुणीही, आयुष्यात चर्चची पायरी न चढलेला असला तरी, अंत्यविधीसाठी हक्काने येऊ शकतो. आणि येतातच. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं वाचून कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. दर वेळी दोन-चार माना मागे वळतातच. मग चर्चमधली वटवाघळं. कायद्याने संरक्षित, त्यामुळे हुसकावता येत नाहीत. उन्हाळ्यात वेदीवर प्लॅस्टिक अंथरतात आणि प्रार्थनेआधी लेंड्या झाडतात. झाडणारं कुणी आलं नाही की झाडू बाईंच्या हातात. छताचं मोठं काम काढायचं तर धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते.

सहा दिवसांचं म्हणाल, तर गेल्या वर्षीचा एक मंगळवार सांगतो. बाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर पावत्या पसरून बसलो होतो. आधी कुणी आजोबांची कबर शोधत आलं, बाई वही घेऊन बाहेर गेल्या. परतून बसतात तोच एक तरुण पोरगी फूडबँकेची (गरजूंना फुकट अन्नधान्य देणारी संस्था) चिठ्ठी मागायला आली. तिला आत घेतलं, चहा दिला, अर्धा तास गेला. मग फोन. पलीकडच्या गावात कुणी अखेरच्या घटका मोजत होतं. कोट चढवता चढवता बाई म्हणाल्या, "मेच्या पावत्या झाल्या का? जूनच्या त्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. जाताना दार ओढून घ्या."